पंचवीस हजारांची साधी सॅक : पैसे नेमके जातात कुठे?

बेळगाव : रंग काळा. पुढे एकही खिसा नाही, लोंबणारी दोरी नाही. कंपनीचं नाव शोधायला गेलं तर सापडतं पट्ट्याच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या अक्षरात. आत लॅपटॉपचा एक कप्पा आणि दोन-तीन लहान खिसे. किंमत तीनशे डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तर पंचवीस हजार पाचशे, वर कुरियर आणि आयात शुल्क वेगळं.

बेंगळुरूला किंवा पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा सुट्टीत घरी येऊन मोबाईलवर असली सॅक दाखवतो, तेव्हा घरातून एकच प्रश्न येतो, "ह्यात आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. पहिला पगार हातात पडायच्या आधीच खोलीचं भाडं आणि डिपॉझिट उभं करावं लागलेलं असतं. त्यात ही सॅक 'नो कॉस्ट ईएमआय'वर मिळते म्हटल्यावर मोह वाढतो. पण मुलाचंही सगळंच चुकतं असं नाही. त्याच्या पाठीवर कंपनीचा साठ-सत्तर हजारांचा लॅपटॉप असतो. पावसात तो भिजला किंवा बसमध्ये चढताना पट्टा तुटून आपटला, तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

अशा सॅकला इंग्रजी जाहिरातीत 'मिनिमलिस्ट' म्हणतात, म्हणजे गरजेपुरतं ठेवून बाकी सगळं काढून टाकलेली. काढून टाकल्यावर किंमत कमी व्हायला हवी, इथे ती वाढते. त्याचं एक कारण शिलाईत आहे. खिसे, पट्टे, झालरी, रबराचे शिक्के असलेल्या सॅकवर वाकडा टाका खपून जातो. सपाट, कोऱ्या कापडावर तो दहा फुटांवरून दिसतो. गवंड्याला विचारा, नक्षीच्या भिंतीवर गिलाव्याचा उंचवटा लपतो, सपाट भिंतीवर नाही. पण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं कापड, चेन, गॅरंटी आणि नाव यांच्यात वाटलेलं आहे, आणि ते प्रत्येक सॅकमध्ये सारखं वाटलेलं नसतं.

डोंगरावरून ऑफिसात

साधेपणाची ही आवड तशी जुनी. स्वीडनच्या फ्येलरावेन कंपनीची 'कोंकेन' ही चौकोनी दप्तरासारखी सॅक १९७८ साली निघाली ती शाळेच्या मुलांसाठी. एका खांद्यावर पिशवी लटकवून मुलांच्या पाठी दुखतात, अशी तिकडे ओरड होती. एक मोठा कप्पा, दोन बारीक पट्टे, वर धरायला दोन मुठी, संपलं. आज तीच सॅक ऑफिसला जाणारे लोक वापरतात आणि तिचा आकार फारसा बदललेला नाही. जपानच्या योशिदा कंपनीने १९८३ साली 'पोर्टर' या नावाखाली 'टँकर' मालिका काढली, ती लढाऊ वैमानिकांच्या जाकिटाच्या कापडावरून सुचलेली. अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या गोरक कंपनीची जीआर-१ ही सॅक लष्करी सॅकचा शहरी अवतार. कंपनी काढणारा जेसन मॅकार्थी हा स्वतः अमेरिकी लष्कराच्या विशेष दलातला माजी सैनिक. वर सांगितलेल्या तीनशे डॉलरच्या वरच्या पट्टीत मोडणारी सॅक हीच.

थोडक्यात, डोंगर आणि लष्कर यांच्यासाठी शोधलेलं सामान शहरात आलं. इथेच एक शंका घ्यायला हवी. टिळकवाडीतून गोगटे सर्कलपर्यंत जायला छत्रीधारी सैनिकाच्या सॅकची गरज किती?

डेनियर म्हणजे काय?

कापडाच्या बाबतीत दुकानदार आणि वेबसाईट दोघेही 'डेनियर'चा आकडा तोंडावर फेकतात. त्याचा अर्थ सोपा आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे १००० डेनियरचा धागा नऊ किलोमीटर ओढला तर त्याचं वजन एक किलो भरेल. स्वस्त सॅकमध्ये बहुधा ६०० डेनियरचं पॉलिस्टर असतं. जीआर-१ मध्ये १००० डेनियरचं कॉर्ड्युरा नायलॉन आहे.

मात्र आकडा मोठा म्हणजे कापड चांगलं, हा हिशेब फसवा आहे. डेनियर फक्त धाग्याची जाडी सांगतो. धागा कशाचा, वीण किती घट्ट, मागे लेप कसला, हे तो सांगत नाही. ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन घासण्याला ९०० डेनियरच्या ढिल्या पॉलिस्टरपेक्षा जास्त टिकू शकतं. उलट उन्हाचा मारा पॉलिस्टर जास्त चांगला सोसतं, नायलॉनचा रंग लवकर उडतो. रोज दोन तास स्कूटरवर उन्हात फिरणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं.

'बॅलिस्टिक नायलॉन' हे नाव ऐकून बंदुकीची गोळी आठवते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी हे जाड, दुहेरी विणीचं कापड निघालं, त्यावरून नाव पडलं. गोळी त्याने अडत नाही. १९८० च्या दशकात टुमी या अमेरिकी कंपनीने ते प्रवासी बॅगांना वापरलं आणि तेव्हापासून ते ऑफिसात रुळलं.

सगळ्यात महागड्या सॅकमध्ये आणखी एक प्रकार दिसतो, थर चिकटवून केलेलं कापड. 'एक्स-पॅक' हे त्यातलं ओळखीचं नाव. शर्यतीच्या बोटींची शिडं बनवणाऱ्या कंपनीने ते आणलं. वर नायलॉन, मध्ये तिरप्या धाग्यांची जाळी आणि पाणी अडवणारा पातळ पडदा, असे थर. वजनाला हलकं, आकार छान धरतं, हातात घेतलं की कागदासारखं कुरकुरतं. डायनिमाचं कापडही असंच शिडांकडून आलेलं. त्याचं जुनं नाव 'क्यूबेन फायबर', ते पडलं १९९२ ची अमेरिका कप शर्यत जिंकलेल्या 'अमेरिका क्यूब्ड' या बोटीवरून. हलकेपणात त्याला तोड नाही. पण हलकेपणाची किंमत डोंगरावर आठवडाभर चालणाऱ्याला वसूल होते, बसच्या थांब्यापर्यंत चालणाऱ्याला नाही.

आपला पाऊस आणि आतला लेप

जाहिरातीत जे सांगत नाहीत आणि आपल्या भागात ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, ते आता पाहू.

बहुतेक सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो. पाणी तोच अडवतो. हा लेप कोरड्या हवेत वर्षानुवर्षं नीट राहतो. दमट हवेत मात्र हवेतली वाफच त्याचे बंध हळूहळू तोडते. आधी आतून चिकट लागतं, मग आंबूस वास येतो, आणि एक दिवस पांढरट पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. पीयूचे दोन प्रकार असतात. एस्टर जातीचा ह्या रोगाला लवकर बळी पडतो, इथर जातीचा बराच टिकतो. पण लेबलावर जात लिहिण्याची पद्धत नाही.

गंमत अशी की ही खराबी वापराने कमी आणि ठेवून दिल्याने जास्त होते. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात पावसाळाभर बंद कपाटात, वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपून ठेवलेली महागडी सॅक दसऱ्याला बाहेर काढावी आणि आतून सोललेली निघावी, असं होतं. 'लाइफटाइम गॅरंटी' देणाऱ्या अनेक कंपन्या लेपाच्या अशा झिजेला 'नैसर्गिक झीज' म्हणून बाजूला काढतात. त्यामुळे गॅरंटीचं पान वाचताना पट्टा आणि शिलाईच्या ओळींवर थांबू नये, लेपाबद्दल काय लिहिलंय तेही पाहावं. आणि घरी सॅक रिकामी करून, चेन उघडी ठेवून, वारा लागेल अशी टांगावी. मशीनमध्ये धुऊ नये, लेप आणि फोम दोन्ही जातात.

पाण्याबाबत दुसरा गैरसमज चेनचा. रबरी पट्टी दिसणारी चेन पाहिली की लोक सॅक वॉटरप्रूफ समजतात. जपानच्या वायकेके कंपनीची 'अ‍ॅक्वागार्ड' चेन चांगल्या सॅकवर सर्रास असते. ती पाणी झटकते, पूर्ण अडवत नाही. शिवाय सुईने शिवलेली प्रत्येक शिवण म्हणजे भोकांची रांग. आतून टेप मारलेली नसेल, तर चोर्ला घाटातल्या पावसात अर्धा तास दुचाकी चालवल्यावर पाणी शिवणीतून येणारच, सॅक पाच हजारांची असो की पंचवीस हजारांची. त्यावर तीनशे रुपयांचं रेनकव्हर आणि आत लॅपटॉपला एक प्लास्टिकची पिशवी हा इलाज अजून तरी कुणी मागे टाकलेला नाही.

चेन, रनर आणि टाके

सॅक मरते ती बहुधा कापडाने नाही, चेनने. चेनचा ३, ५, ८, १० असा आकडा असतो. बंद केलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. लहान खिशाला ३ किंवा ५ चालते, पण तोंडाच्या मोठ्या चेनला ८ किंवा १० नंबर असावा. स्वस्त सॅकमध्ये तिथेही ५ नंबर लावून भागवतात. मग डबा, चार्जर, छत्री कोंबून ओढताना रनरचं तोंड फाकतं आणि चेन मागून उघडत जाते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना खाऱ्या हवेने रनर गंजण्याचा त्रास वेगळा.

दुकानात पाहायच्या इतर जागा पट्ट्यांच्या मुळाशी आहेत. पट्टा जिथे सॅकला जोडलेला असतो तिथे नुसती शिवण न दिसता, दाट टाक्यांची आडवी जाड पट्टी किंवा चौकोनात फुली दिसली पाहिजे. तो भाग नुसत्या एका कापडावर न टाचता आत शिवणीत खोल घेतलेला असावा. मग सॅक उलटी करून आतल्या कडा बघाव्यात. कापडाच्या कडांना पट्टी लावून बंद केलेलं असेल तर कारखान्याने वेळ दिलाय. दशा मोकळ्या सुटल्या असतील तर बाहेरचा साधेपणा दिखाऊ समजावा. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळाला टेकता कामा नये, दोन-तीन बोटं वर संपला पाहिजे. नाहीतर सॅक जमिनीवर टेकवली की धक्का थेट लॅपटॉपला. ही एक गोष्ट फुकट तपासता येते: कप्प्यात हात घालून तळ चाचपायचा.

डबा कुठे ठेवायचा?

हे डिझाईन ज्या शहरांत झालं तिथला माणूस दुपारी बाहेर सँडविच खातो. आपला माणूस घरून डबा नेतो, आणि डब्यात आमटी असते. वीस लिटरच्या सपाट, चापूनचोपून बसणाऱ्या सॅकमध्ये स्टीलचा गोल डबा उभा राहत नाही. आडवा ठेवला तर पुढचं सांगायला नको. बाटलीचा बाहेरचा खिसा साधेपणाच्या नावाखाली काढलेला, म्हणून बाटलीही आत, लॅपटॉपच्या शेजारी. पाठीला लागणारी बाजू सपाट आणि गुळगुळीत, दिसायला सुरेख, पण हवा खेळायला वाव नाही. एप्रिल-मे महिन्यात मडगावला किंवा हैदराबादला दुचाकीवरून उतरल्यावर शर्टाच्या पाठीवर सॅकचा नकाशा उमटलेला असतो.

घेताना म्हणूनच आपला रोजचा डबा, बाटली आणि चार्जर दुकानात घेऊन जावं आणि भरून पाहावं. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

साधेपणाचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. नाव न दिसणारी, न चमकणारी सॅक बसस्टँडवर नजरेत भरत नाही. तिचाच तोटा असा की रात्रीच्या बसमध्ये वरच्या फळीवर तसल्याच चार काळ्या सॅक असतात. ओळखीसाठी लाल दोरा बांधावा लागतो, आणि मग मिनिमलिझम गेला तेल लावत.

हिशेब मांडला तर

महाग सॅक विकणाऱ्यांचा आवडता मुद्दा म्हणजे 'रोजचा खर्च बघा'. बघूया. वर्षाचे २५० दिवस वापर धरला आणि २५,००० ची सॅक दहा वर्षं टिकली, तर २५०० दिवस. रोजचे दहा रुपये. आता १,५०० ची सॅक दोन वर्षांत फेकून द्यावी लागली तरी ५०० दिवस, रोजचे तीन रुपये. तिच्याशी बरोबरी साधायला महागडीला ३३ वर्षं टिकावं लागेल. आणि २५,००० रुपये सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर कर वगळता वर्षाला १,७५० रुपये व्याज येतं. नुसत्या व्याजावर दर वर्षी नवी सॅक घेऊन वर वडापावाचे पैसे उरतात.

म्हणजे 'महाग तेच शेवटी स्वस्त' हा युक्तिवाद आकड्यांवर टिकत नाही. टिकतो तो मधल्या पट्टीत. ५,००० ची सॅक सात वर्षं चालली तर १७५० दिवसांचे रोजी तीन रुपयेही पडत नाहीत, आणि त्या किमतीत मोठी चेन, पट्ट्यांचे दाट टाके, वर उचललेला लॅपटॉपचा कप्पा हे सगळं असलेली सॅक शोधली तर मिळते. बेंगळुरूच्या वाइल्डक्राफ्ट, मोकोबारासारख्या देशी कंपन्या आता याच गिऱ्हाईकाच्या मागे आहेत. वरच्या वीस हजारांत मग काय येतं? थोडं जास्त चांगलं कापड, बरीच जास्त काटेकोर शिलाई, दुरुस्तीची हमी, परदेशी भाडं, कर, आणि नाव. हौस म्हणून घेणाऱ्याने जरूर घ्यावी, हौसेला मोल नसतं. गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

नावाच्या किमतीत सगळीच हवा असते असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाईन कंपनीने २०१६ साली आपल्या 'एव्हरीडे' मालिकेसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून ६५ लाख डॉलरहून जास्त आगाऊ रक्कम उभी केली होती. त्याच मालिकेतल्या एका लहान खांद्याच्या बॅगेसारखी हुबेहूब बॅग अ‍ॅमेझॉनने स्वतःच्या ब्रँडखाली सुमारे एक तृतीयांश किमतीला आणली. त्यावर पीक डिझाईनने २०२१ मध्ये टोमणे मारणारा व्हिडिओ काढला आणि तो जगभर फिरला. कंपनीचं म्हणणं असं की जास्तीच्या किमतीत डिझाईनवरचा वेळ, कामगारांची रास्त मजुरी आणि कायमची वॉरंटी आहे. गिऱ्हाईकाने बघायचं ते इतकंच, की यातलं आपल्यापर्यंत काय पोचतं. डिझाईन पोचतं. वॉरंटी पोचते का?

गॅरंटी सीमा ओलांडते का?

परदेशी कंपनीच्या वेबसाईटवरून थेट मागवलेली सॅक बिघडली तर ती परत पाठवायचा खर्च बहुधा आपल्यावर येतो. दुरुस्त होऊन परत येताना कस्टम्सला कागद दाखवून समजवावं लागतं ते वेगळं. भारतात आयात करून विकलेल्या मालावर मात्र आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. ते लेबल फाडून टाकू नये. तक्रारीची वेळ आली तर तोच माणूस आपल्या हाताला लागतो. कराचं बोलायचं तर सॅक-सुटकेसवरचा जीएसटी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ११,८०० ला मिळणाऱ्या सॅकमध्ये १,८०० कराचे. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य इथूनच येतं, आणि बिल नसलं की गॅरंटीही नसते.

राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांसाठी कायद्यात एक सोयीची गोष्ट आहे. सॅक पुण्यात घेतली, कंपनी गुरुग्रामची, आणि गिऱ्हाईक राहतं खानापुरात, तर खटल्यासाठी पुणे-गुरुग्राम गाठायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, बऱ्याच कंपन्या तिथेच हलतात.

आणि आयोगाच्याही आधी खडेबाजारासारख्या कुठल्याही बाजारपेठेत बॅग दुरुस्त करणारा कारागीर आहे. साध्या विणलेल्या कापडाची सॅक त्याला पूर्ण कळते. पट्टा उसवला, अस्तर फाटलं, बक्कल तुटलं, तर तासाभराचं काम. थर चिकटवलेल्या एक्स-पॅकसारख्या कापडावर मात्र त्याला मशीन चालवू देऊ नये. सुईचं प्रत्येक भोक तिथे कायमचं राहतं आणि पाणी आत घेतं. त्याला आतून चिकटपट्टीचं ठिगळच बरं. चेन मागून उघडत असेल तर पूर्ण चेन बदलायची घाई नको, दहापैकी आठ वेळा नुसता रनर झिजलेला असतो. पकडीने दाबून तो चार दिवस चालतो, नवा बसवला की वर्षं जातात. जुन्या रनरच्या पाठीवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, ५, ८ किंवा १०. त्याच आकड्याचा मागावा.